सुट्टीचा महिना: सहलीनंतरचा दिवस आधी राखून ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलांना महिनाभराची उन्हाळी सुट्टी आहे. मुलगा चार वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची, घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि तुम्ही दोघंही नोकरी करणारे. तीन दिवसांची एक सहल ठरली आहे, पाच दिवस पाहुणे येणार आहेत, एक वाढदिवस आहे, चारही आठवडाअखेरींना कुठे ना कुठे न्यायचं मुलांना कबूल केलंय, शिवाय मुलीचा पोहण्याचा वर्ग आठवड्यातून तीनदा. गेल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मुलं पोट बिघडून झोपली, घरात कपड्यांचे ढीग साचले आणि शेवटचा आठवडा सगळ्यांचा चिडचिडीत गेला. म्हणून यंदा यातलं काय कापावं, असं तुम्ही विचारलंय.

कापण्याआधी मोजून बघूया. मुलांच्या सुट्टीतल्या सहली आणि शिबिरं आखणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यात एक हिशेब कायम चुकलेला दिसतो: लोक फक्त बाहेर असण्याचे दिवस मोजतात. आदल्या दिवशीची बांधाबांध आणि दुसऱ्या दिवशीचं आवरणं, धुणं, अपुरी झोप भरून काढणं कॅलेंडरवर कुठेच नसतं. ते होतं मात्र, आणि पुढच्या कार्यक्रमाच्या वेळेतून चोरून होतं.

तुमचाच महिना घ्या. तीन दिवसांची सहल म्हणजे आधीचा एक, मधले तीन, नंतरचा एक असे पाच दिवस. पाहुण्यांचे पाच, त्यांच्या आधीचा एक आणि नंतरचा एक मिळून सात. चार दिवसभराच्या सहली प्रत्येकी दोन दिवस धरल्या तर आठ. वाढदिवसाचे तयारी-आवराआवरीसकट दोन. झाले बावीस. तीसपैकी उरले आठ आणि पोहण्याचे वर्ग भरतात बारा-तेरा. म्हणजे साधा, काहीही न ठरलेला एकही दिवस उरत नाही. उलट चार-पाच दिवस उसने घ्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात सगळे आजारी पडतात ते बऱ्याचदा याच उसनवारीमुळे. अपुरी झोप, बाहेरचं खाणं आणि उन्हात हिंडणं एकाच आठवड्यात एकत्र येतं.

तेव्हा माझा सल्ला असा. चारपैकी दोन सहली दिवसभराच्या ठेवा आणि दोन फक्त सकाळच्या करा. सकाळी सातच्या आत घराबाहेर, अकराच्या आत घरात. अशा सहलीला पिशवी लहान लागते, जेवण घरी होतं, दुपारची झोप बुडत नाही आणि दुसरा दिवस मोकळाच राहतो. चार वर्षांच्या मुलासाठी तर तीन-साडेतीन तास भरपूर झाले. त्यापुढे तो मजा करत नसतो, तग धरून असतो. एवढ्या बदलाने बावीसचे वीस दिवस होतात. सहलीच्या आठवड्यातले आणि पाहुणे असतानाचे वर्ग बुडणार हे वर्गात आधीच सांगून टाका. महिन्याला आठ वर्ग झाले तरी मूल पोहायला शिकतं. थकलेलं मूल पाण्यात नेणं मात्र मला अजिबात पटत नाही.

दिवसभराची सहल शनिवारी काढा, रविवारी नको. रविवारी संध्याकाळी परतलात की आवरायचा दिवस सोमवार होतो. तुम्ही दोघं कामावर असता आणि ते ओझं आजींवर पडतं. तीन दिवसांच्या सहलीसाठी एकच रजा मिळणार असेल तर ती निघायच्या दिवसाऐवजी परतल्यानंतरच्या दिवसासाठी वापरा. त्यापायी सहल तीनाची अडीच दिवसांची झाली तरी चालेल.

क्रमही महत्त्वाचा आहे. मोठी सहल आणि पाहुणे लागोपाठच्या आठवड्यांत नकोत. सहल दुसऱ्या आठवड्यात ठेवा. पहिल्या आठवड्यात मुलं अजून शाळेच्या थकव्यातून बाहेर यायची असतात आणि शेवटचा आठवडा झोपेची वेळ परत मूळ पदावर आणायला लागतो. पाहुण्यांच्या तारखा तुमच्या हातात नसतील तर सहल मागे-पुढे करा, पण मध्ये पाच-सहा साधे दिवस राहतीलच असं बघा.

इथे एक मोकळेपणाने सांगते: हे आकडे सगळ्या घरांना सारखे लागू नाहीत. मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, घरात आणखी एक धडधाकट मोठं माणूस असेल किंवा आई-वडिलांपैकी एकाला महिनाभर रजा असेल तर चारही सहली दिवसभराच्या निभावतात. तुमच्या घरात सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क दोघंही उन्हाला नाजूक आहेत, म्हणून मी हात आखडता घेतेय.

आता उन्हाबद्दल, कारण खरी जोखीम तिथे आहे. दहा ते चार या वेळात ऊन सर्वांत कडक असतं हे सर्वांना माहीत असतं, पण बाहेर असताना घड्याळापेक्षा सावली बघणं सोपं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरणं जोरात आहेत असं समजायचं आणि आडोशाला जायचं. नऊ वर्षांच्या मुलीला हे एकदा दाखवलं की ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटते. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा त्यावरचं, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी, तसंच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा. चूक होते ती प्रमाणात. मोठ्या माणसाच्या सबंध अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं. 50 मिलीची ट्यूब घरातल्या सगळ्यांना महिनाभर पुरली, तर ती पुरेशी लावलीच गेलेली नाही. एवढं रोज लावणं जमत नाही, म्हणून मी कपड्यांवर भर देते: लांब बाह्यांचा सैल सुती सदरा आणि मानेपर्यंत सावली देणारी रुंद काठाची टोपी. मग क्रीम चेहरा, कान, मानेची मागची बाजू, हात आणि पायांचे पंजे एवढ्यापुरतंच उरतं. कान आणि पंजे हमखास विसरले जातात.

पाण्याचं सांगायचं तर तहान लागल्यावर प्यायचं हे मुलांच्या आणि आजींच्या बाबतीत पुरत नाही. खेळताना मुलं विसरतात आणि वय झालं की तहानेची जाणीवच मंदावते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात खेळताना दर वीस मिनिटांनी 100 ते 250 मिली पाणी द्यावं. तीन तासांच्या सहलीत वीस मिनिटांचे नऊ टप्पे पडतात. प्रत्येकी 150 मिली धरलं तरी मुलीचंच एक लिटर साडेतीनशे मिली होतं. धाकट्याला थोडं थोडं, पण तेवढ्याच वेळा द्या. प्रत्येकाची बाटली वेगळी आणि नाव घातलेली हवी. एकाच मोठ्या बाटलीतून सगळे प्यायले की कोण किती प्यायलं याचा पत्ता लागत नाही, शिवाय एकाची सर्दी सगळ्यांना. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद असेल किंवा मूल पाच-सहा तासांत गेलंच नसेल तर थांबून पाणी पाजा. आजींना हृदयाचं, मूत्रपिंडाचं किंवा लघवी वाढवणारं औषध असेल तर त्यांनी रोज किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा. तिथे सरसकट नियम चालत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, पायात गोळे येणं ही उष्णतेने थकल्याची लक्षणं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर ओलं कापड फिरवा, घोटघोट पाणी द्या आणि त्या दिवशीची सहल तिथेच संपवा. माणूस असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपू लागली किंवा अंगाचं तापमान 40 अंशांच्या आसपास गेलं तर तो उष्माघात. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.

गाडीबद्दल दोनच वाक्यं, पण ती पाळाच. उन्हात उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान साधारण 10 अंशांनी चढतं आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे मुलाला किंवा आजींना “आलोच दोन मिनिटांत” म्हणून गाडीत ठेवायचं नाही, आणि धाकट्याचा सीट बेल्टचा पट्टा व बकल हाताने चाचपून मगच त्याला बसवायचं, कारण तापलेल्या बकलने मांडीला चटका बसतो.

पोहायला गेलात तर कोण लक्ष ठेवणार हे नाव घेऊन ठरवा. चार मोठी माणसं काठावर असतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. अपघात होतात ते अशाच वेळी. पंधरा-वीस मिनिटांची पाळी लावा, पाळीवर असलेल्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा आणि पाळी सोडताना “आता तू” असं तोंडाने म्हणायचं. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हातही हलवत नाही. चार वर्षांचा मुलगा पाण्यात असेल तर मोठं माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर हवं. दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडायचं नाही. घरी बादलीत किंवा टबात पाण्याचा खेळ मांडलात तरी हेच, आणि खेळ संपला की पाणी लगेच ओतून द्यायचं. लहान मुलाला काही इंच पाणीही घातक ठरतं.

गेल्या वर्षीच्या पोटाच्या तक्रारीकडे वळते. शिजवलेलं किंवा कापलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. बाहेर ठेवलेलं असं अन्न दोन तासांत संपवावं, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. सकाळी सातला भरलेला डबा गाडीत ठेवून दुपारी एकला उघडणं म्हणजे या मर्यादेच्या सहापट. बर्फाची पेटी न्यायची असेल तर ती आदल्या रात्री आतून थंड करून घ्या. पाण्याच्या बाटल्याच गोठवून बर्फ म्हणून वापरा. मोठा गोळा तुकड्यांपेक्षा सावकाश वितळतो आणि वितळल्यावर प्यायलाही होतो. गोठवताना बाटली गळ्यापर्यंत भरू नका, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. पिण्याचं पाणी वेगळ्या पेटीत ठेवा, कारण ती दर पाच मिनिटांनी उघडली जाते आणि खाण्याची पेटी त्यापायी गरम होते. एवढं जमणार नसेल तर सरळ कोरडे पदार्थ आणि न कापलेली, सालीसकटची फळं न्या. सकाळच्या सहलीला तेवढं पुरतं.

जुलाब सुरू झालेच तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात संपूर्ण एकदम कालवायची. अर्धी पुडी अंदाजे ग्लासात टाकली की क्षार-साखरेचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. दोन वर्षांवरच्या मुलाला दर पातळ शौचानंतर 100 ते 200 मिली, घोटघोट. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. शौचात रक्त, पाणीही न टिकणं, सुस्तावणं किंवा लघवी बंद होणं यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायावर न थांबता डॉक्टरांकडे जा. जुलाब असताना पोहण्याचा वर्ग बंद.

थोडक्यात, इथवरचं: दोन मोठ्या सहली, दोन सकाळच्या, शनिवारी जायचं, परतल्यावरची रजा घ्यायची आणि पाणी-अन्न मोजून न्यायचं. आता घराकडे येऊया, कारण तुमचे कपड्यांचे ढीग सहलीतून येत नाहीत, परतल्यानंतरच्या पहिल्या तासात तयार होतात.

परतल्यावर पिशवी दारातच ठेवून सगळे पंख्याखाली बसतात. सकाळी ती उघडली की आत घट्ट पिळलेला ओला टॉवेल, त्यात वाळू, तळाशी झाकण सैल झालेली क्रीमची ट्यूब, तिच्या तेलकट थराला चिकटलेला सदरा आणि कोपऱ्यात अर्धवट खाल्लेलं फळ. एक-दोन दिवस ओलं राहिलं की कापडाला बुरशीचा वास धरतो आणि तो एका धुण्यात जात नाही. म्हणून परतल्यावर बसण्याआधी चार कामं याच क्रमाने करा: उरलेलं अन्न काढून टाकणं किंवा फ्रीजमध्ये ठेवणं, ओले कपडे दोरीवर किंवा बादलीत, बाटल्या आणि डबे धुवायला, आणि पिशवी उलटी करून झटकणं. दोघांनी मिळून वीस मिनिटं लागतात. तोवर तिसऱ्याने मुलांना अंघोळ घालायची. बाकीचं सामान दुसऱ्या दिवशी आवरलं तरी बिघडत नाही.

पिशवीही पुन्हा पुन्हा भरू नका. एक पिशवी महिनाभर भरलेलीच ठेवा: टोप्या, सनस्क्रीन, प्रत्येक मुलाचा एक जोड कपडे, पातळ टॉवेल, दोन रिकाम्या प्लास्टिक पिशव्या ओल्या कपड्यांसाठी, पट्ट्या, ओआरएस, ओले टिश्यू आणि आजींच्या औषधांची यादी. औषधं मात्र त्यात ठेवू नका, ती उन्हात खराब होतात, निघताना घ्यायची. सहलीनंतर जे वापरलं गेलं तेवढं त्याच रात्री परत भरायचं. हे काम मुलीला द्या. नऊ वर्षांचं मूल यादी बघून हे नीट करतं आणि निम्मी बांधाबांध तिथेच संपते.

साध्या दिवसांना तासातासाचं वेळापत्रक लावू नका, ते चौथ्या दिवशी मोडतं. तीन वेळा पक्क्या करा: उठायची, दुपारच्या जेवणाची, झोपायची. मधलं काहीही चालेल. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट 10 ते 13 तास आणि सहा ते बारा वर्षांच्यांना 9 ते 12 तास झोप लागते. सहलीच्या रात्री जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपू देण्यापेक्षा रात्री लवकर झोपवा, नाहीतर घसरण वाढत जाते. शेवटच्या आठवड्यात झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. सात दिवसांत पावणेदोन तास मागे येतात, एका रात्रीत येत नाहीत.

घर थंड ठेवायला खिडक्या रात्री आणि पहाटे उघड्या आणि ऊन चढू लागलं की बंद, पडदे ओढलेले. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच उघडायचं. खोलीचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं तर नुसता पंखा उलट अंग तापवतो. तेव्हा ओलं कापड, पाय पाण्यात आणि शक्य असेल तर थंड जागी हलणं. तीन दिवस बाहेर जाताना कुंड्यांखालच्या ताटल्या, बादल्या, कूलरचं पाणी ओतून जा. डासांची अंडी ते डास हा प्रवास आठवड्याभरात होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. तुम्ही दोघं कामावर असताना हा सगळा महिना आजी सांभाळणार आहेत. चार वर्षांच्या मुलामागे दिवसभर उन्हाळ्यात फिरणं हे सत्तरीच्या माणसासाठी अंगमेहनतीचं काम आहे, आणि त्या स्वतःहून “झेपत नाही” म्हणणार नाहीत. आठवड्यातून निदान दोन दुपारी दुसऱ्या कुणाची तरी सोय करा: शेजारच्या घराशी आलटून-पालटून, किंवा तुमच्यापैकी एकाने लवकर येऊन. सहलीला येणार का हे त्यांना प्रत्येक वेळी वेगळं विचारा, आणि विचारताना बसायला सावली आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, चालणं किती, हे आधी सांगा. दिवसभराच्या सहलीला त्या घरी राहिल्या तर तो त्यांचा विश्रांतीचा दिवस समजा, त्या दिवशी घरातलं काही काम त्यांच्यासाठी ठेवून जाऊ नका.

मुलांना चार सहली कबूल केल्या आहेत, तेव्हा दोन लहान झाल्याचं आजच सांगा, त्या दिवशी सकाळी नको. दिवसभराच्या दोन कोणत्या हे मुलीला निवडू द्या. कॅलेंडरवर आधी परतल्यानंतरचे दिवस रंगवा, मग सहली लिहा, आणि त्या पेन्सिलीने लिहा. आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघून उष्णतेचा इशारा असेल तर शनिवारची सहल पुढच्या शनिवारी सरकवायला जागा राहिली पाहिजे.